कोयता द्या, दप्तर घ्या

सरुबाईने लहान मुलांसाठी संस्था काढली, हे कळल्यावर निम्म्या मखमलाबाद गावाने हळहळ व्यक्त केली आणि उरलेल्या निम्म्याने विचारलं, "मग जेवण कधी हाय?" आपल्याकडे कुणी काहीही काढलं की लोकांना आधी पंगत दिसते, त्याला कोण काय करणार! पण सरुबाईला पंगत घालायची नव्हती. तिला कोयते गोळा करायचे होते. नाशकातले सगळे, एकूण एक. कोयता आणून द्यायचा आणि बदल्यात घरातल्या पोरासाठी नवं दप्तर न्यायचं, एवढा साधा नियम.

तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. ज्या बाईचा सात वर्षांचा नातू भर बाजारात, तिच्या डोळ्यांदेखत कोयत्याने गेला, तिचं डोकं जागेवर राहिलं असतं तर तेच जास्त भयंकर होतं.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे झेंडूवाल्यांचा वर्षाचा दिवस. सरुबाई पहाटेपासून फुलबाजारात क्रेट मांडून बसलेली, शेजारी गोटीराम नारळवाला, आणि मागे फुलांच्या ढिगावर ओम. शाळेला सुट्टी, आणि दसऱ्याची फुलं विकून झाली की आजी नवं दप्तर घेणार असं ठरलेलं, त्यामुळे स्वारी खुशीत. खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो. सरुबाईने तराजू पुजला आणि केळीचे खुंट तोडायचा कोयता पुजला. एरवी हा कोयता गोणपाटाखाली दडवलेला असायचा. त्या दिवशी मात्र हळदकुंकू लावून, वर फूल वाहून तिने तो सगळ्यांत पुढच्या क्रेटवर ठेवला. पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही रीत.

ही रीत महेशला कोण शिकवणार? महेश म्हणजे विशीतला पोरगा, ओठावर जेमतेम मिसरूड आणि मागे दहा-बारा टाळकी. समोरच रस्त्यात गाडीच्या बोनेटवर त्याच्या वाढदिवसाचा केक मांडलेला. केक कुणी कुणाच्या तोंडाला फासला यावरून दोन टोळक्यांत जुंपली. केकवरून! महेश वळला, पुढच्या क्रेटवरचा आयता कोयता उचलला आणि आंधळा फिरवला. ज्याच्यावर फिरवला तो खाली वाकला. त्याच्या मागे ओम उभा होता, गंमत बघायला.

पोलीस आले. खाली पडलेला कोयता दाखवून एकाने विचारलं, "हा कुणाचा?" गोटीरामचा मेव्हणा कोर्टात शिपाई, त्यामुळे गोटीराम स्वतःला अर्धा वकील समजायचा. तो सरुबाईच्या कानाला लागला, "वहिनी, आपला म्हणू नका. हत्यार पुरवलं म्हणून तुम्हालाच आत घेतील." आणि मांडीवर ओमचं डोकं घेऊन बसलेली सरुबाई म्हणाली, "माझा नाय."

या दोन शब्दांनी घात केला. बाजारात कुणीच काही पाहिलं नव्हतं. जो तो म्हणे फुलं निवडत होता. महेशचा वकील म्हणाला, कोयता आला कुठून, मालक दाखवा, हा तर पोलिसांनीच आणून टाकलाय. महेश जामिनावर सुटला. सगळी केस त्या एका प्रश्नापाशी अडून बसली, आणि उत्तर सरुबाईच्या पोटात.

घरात मुलगा ज्ञानेश होता, तो फुलांचा टेम्पो चालवायचा आणि बोलायचा कमी. आणि सून दिशा, ओमची आई. दर रविवारी ती ट्रंकेतून ओमचे कपडे काढायची, पुन्हा घड्या घालायची. एकदा बालवाडीचा निळ्या चौकडीचा शर्ट हातात धरून तिने विचारलं, "आई, याची खालची पट्टी कुणी फाडली?"

"उंदरांनी," सरुबाई म्हणाली.

हे दुसरं खोटं. पट्टी तिनेच फाडली होती. शर्ट आखूड झाला होता आणि कोयत्याची मूठ हाताला रुतायची, म्हणून ती गुंडाळायला. आता सांगा, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? खरं बोलायचा धीर नाही आणि गप्प बसवत नाही, असं झालं की माणूस तीर्थयात्रेला जातो नाहीतर संस्था काढतो. सरुबाईने संस्था काढली.

नाव ठेवलं, ओम बालरक्षा मंडळ. सचिव अर्थातच गोटीराम. नोंदणीच्या अर्जासाठी दोघं गेले, तर कारकुनाने चष्म्यावरून पाहत विचारलं, "उद्देश काय लिहू? शैक्षणिक की वैद्यकीय?"

"कोयते गोळा करणं," सरुबाई म्हणाली.

"ते कशात बसतं?"

गोटीरामने कपाळाला आठ्या घालून विचार केला. "वैद्यकीयमध्ये बसवा साहेब. एक कोयता कमी झाला की तेवढे टाके कमी."

कारकुनाने दोन्ही लिहून टाकलं. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराला गोष्ट कळली, त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने टेम्पोभर दप्तरं पाठवली. भला माणूस. पण त्याच्या छापणाऱ्याकडे ठसा एकच, खोक्यांवर मारायचा. त्यामुळे प्रत्येक दप्तरावर द्राक्षाचा घड आणि खाली मोठ्या अक्षरांत 'निर्यातक्षम'.

पडवीत फलक लागला. सरुबाई गुंडांची वाट बघत बसली. आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नाही. आठव्या दिवशी पेठकडची यशोदाबाई आली, द्राक्षबागेत मजुरीला असणारी. पदराखालून तिने तीन कोयते काढले. "माझ्या तीन पोरी हायेत. हे घ्या तीन."

"अगं, तू या कोयत्यांनी कुणाला मारणार होतीस?"

"गवताला," यशोदाबाई म्हणाली.

कुणाला तरी मारलेलं असलं पाहिजे, असं काही नियमात नव्हतं. सरुबाईने तीन दप्तरं दिली. मग काय विचारता! त्यानंतर चौथ्या दिवशी सुरगाण्याची जीप दारात उभी. मग दुसरी. झिजून नखाएवढे उरलेले कोयते, बिनमुठीचे कोयते, पणजोबाच्या वेळचा एक, जो आणणाऱ्यानेच आधी डोक्याला लावला. डोंगरातल्या वाड्यापाड्यांवरची पोरं पाठीवर 'निर्यातक्षम' घेऊन शाळेत जायला लागली. नाशकातला एकही भाई मात्र दारात आला नाही.

पुढे गवत वाढलं आणि यशोदाबाई परत आली. "बाई, माझा एक कोयता दोन दिवस द्या ना. कापायला काय नाय घरात." आता नाही कसं म्हणायचं? दिला. तिचं पाहून दुसरी आली. गोटीरामने लगेच वही घातली, कोण कधी नेतो, कधी आणून देतो. सकाळी कोयते जायचे, संध्याकाळी परत यायचे. चांगलं वाचनालय झालं, पुस्तकं सोडून. आणि समोरच्या लिंबाखाली एका लोहाराने भाता मांडला. पत्र्याएवढे पातळ कोयते तो झटपट करून द्यायचा, लोक ते घेऊन पाच पावलांवर सरुबाईकडे द्यायचे आणि दप्तर न्यायचे.

"अरे, यानं काय कापतं?" तिने एकदा लोहाराला विचारलं.

"काय बी नाय कापत, आजी. हा दप्तराचा कोयता हाय."

कोयते कमी होईनात, उलट वाढायला लागले, आणि तेही संस्थेमुळे. सरुबाईला हे कळत नव्हतं असं नाही, ती काही खुळी नव्हती. तरी आलेला प्रत्येक कोयता ती हातात घ्यायची आणि मूठ उलटसुलट करून बघायची. लोकांना वाटे, म्हातारी माल पारखते. ती निळी चौकडी शोधत होती. ती मूठ पोलिसांकडे लाखेचा शिक्का मारून ठेवलेली आहे हे पक्कं ठाऊक असूनसुद्धा.

आणि गणपती उठल्यावर एक दिवस महेश आला.

मोटारसायकलवर आला, हातात कोरा कोयता, किमतीचं लेबलसुद्धा काढलेलं नाही. पडवीत येऊन त्याने कोयता सरुबाईच्या हातात दिला आणि थेट तिच्या पायावर वाकला. "आजी, मी सुधारलोय. वकील म्हणले, संस्थेचं तसं पत्र घेऊन ये, कोर्टात बरं दिसतं." मग मान वर न करता, हळूच, "आन् त्या दिवशी तुम्ही बोलला नाय... लय उपकार झाले, आजी."

म्हणजे याला ठाऊक होतं. का नसेल? क्रेटवरून उचलला त्यानेच. जगात ही गोष्ट तिघांना माहीत होती आणि त्यातला एक तिच्या पाया पडत होता. लाथ मारावी, किंचाळावं, त्याच्याच कोयत्याने... तिने हातातल्या कोयत्याकडे पाहिलं आणि तो घाईघाईने खाली ठेवला.

"वहिनी, नियम..." गोटीराम मागून पुटपुटला. नियम त्यानेच लिहिला होता, कोयता देणाऱ्यास जात, धर्म, पूर्वचरित्र न पाहता दप्तर मिळेल. 'पूर्वचरित्र' हा शब्द त्याला फार आवडला होता. मेल्याच्या आवडीला आग लागो! पत्र सरुबाईने दिलं नाही, शिक्का सापडत नाही म्हणाली. पण दप्तर दिलं. महेशने ते खांद्याला अडकवलं, फलकासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला आणि द्राक्षाचा घड पाठीवर घेऊन निघून गेला.

दिशा खिडकीत उभी होती. त्या दिवसापासून ती सासूशी एवढंच बोलायची, "जेवा." ताट ठेवायची आणि आत जायची. पोरगा गेला तेव्हा दोघी गळ्यात गळा घालून रडल्या होत्या. आता सरुबाईला घास गिळवेना.

वर्ष फिरून पुन्हा खंडेनवमी आली. पडवीत, खोलीत, माळ्यावर मिळून सातशे त्रेचाळीस कोयते. खरं तर पूजेचं नाव काढायला नको होतं या बाईने. पण साठ वर्षांची सवय, आणि घरात एवढं लोखंड बिनफुलाचं कसं ठेवायचं? शिवाय मनात एक होतं, कुणाला न सांगण्यासारखं. जी पूजा उलटली तिची माफी मागायची होती, आणि कुणाकडे मागायची ते कळत नव्हतं, म्हणून तिने कोयत्यांकडेच मागायची ठरवली. अंगणात गोणपाटं अंथरून तिने रांगा लावल्या. प्रत्येकाला हळद, कुंकू, एकेक झेंडू. एकेकाला म्हणत गेली, बाबा, चुकलं. पाठ मोडून गेली, पण पूर्ण केलं.

गोटीरामची लेक सुवर्णा कॉलेजात जाणारी. तिने गच्चीवरून त्याचं रील काढलं. खाली ढोलताशा, वर अक्षरं, 'नाशिकची कोयता आजी'. दुपारपर्यंत अख्ख्या शहराने पाहिलं. तीन वाजता सिडकोतली दोन पोरं आली आणि अदबीने हात जोडून म्हणाली, "आजी, टोळीत जागा हाय का?" चार वाजता पोलिसांच्या दोन गाड्या आल्या.

इन्स्पेक्टर मंजुषा मॅडम नव्याच बदलून आलेल्या. त्यांनी अंगणभर नजर फिरवली आणि फलकाकडे पाहिलं. "मी आजवर पाहिलेला सगळ्यांत मोठा शस्त्रसाठा," त्या म्हणाल्या, "आणि बालरक्षा मंडळात! उचला."

कुणी हललं नाही. हवालदार रंगनाथ निवृत्तीला आलेले. ते घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, पुजलेलं हाय. आज हलवता येत नाय."

"म्हणजे?"

"उद्या उत्तरपूजा झाली की मग. आपल्या ठाण्यात पण रायफली पूजेत ठेवल्यात ना. म्हणून तर आपण नुसत्या काठ्या घेऊन आलो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. दहा शिपाई, दोन पंच आणि सातशे त्रेचाळीस कोयते एकमेकांकडे बघत राहिले. गोटीरामने सगळ्यांना चहा पाजला. शेवटी सरुबाईच म्हणाली, "थांबा, मी उठवते पूजा." तिने अक्षता घेतल्या आणि रांगेरांगेने टाकत गेली. प्रत्येक शिपाई आधी हात जोडायचा, फूल बाजूला काढायचा, मग कोयता उचलायचा. पोलिसांच्या गाडीत माल मावेना, म्हणून ज्ञानेशच्या फुलांच्या टेम्पोने तीन खेपा केल्या. ज्या मालापायी आईला अटक व्हायची, तो लेकाने स्वतः वाहिला.

ठाण्यात यादी सुरू झाली. रंगनाथ लिहीत होते, मॅडम विचारत होत्या, सरुबाई सांगत होती. सगळे कोयते तिला पाठ. "हे तीन यशोदाबाईचे, पेठच्या. हा सुरगाण्याचा, पणजोबाचा, जपून ठेवा. हे सगळे लोहाराचे, यांनी वांगं बी चिरत नाय." मग एक कोरा, लेबल असलेला आला. "हा महेशचा."

मॅडमनी मान वर केली. "कुठला महेश?"

"माझ्या नातवाला ज्यानं मारलं, तो. दप्तर घेऊन गेला."

मॅडमनी तो कोयता वेगळा ठेवला. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणि आजी, यातला तुमचा कुठला?"

भिंतीशी बाकावर बसलेला गोटीराम जोरात खोकला. त्याच वेळी दारात डबा घेऊन दिशा येऊन उभी राहिली. सरुबाईने तिला पाहिलं. दुसरा कुठलाही दिवस असता तर तिने तोंड मिटलं असतं. पण सकाळपासून सातशे त्रेचाळीस वेळा चुकलं म्हणून झालं होतं. आता आणखी एकदा म्हणायला कितीसा वेळ लागणार?

गोटीराम पुन्हा खोकला.

"भावजी, तुम्ही गप बसा. एकदा तुमचं ऐकलंय," सरुबाई म्हणाली. "मॅडम, माझा यात नाय. माझा तुमच्याकडंच हाय, वर्ष झालं. गेल्या खंडेनवमीला मी तो पुजून पुढं ठेवला होता. महेशनं तो माझ्या क्रेटवरून उचलला. माझ्या डोळ्यांसमोर उचलला. मला विचारलं तेव्हा मी भ्याले आन् माझा नाय म्हणाले."

मॅडमचा आवाज उतरला. "आजी, वकील म्हणेल, वर्षाने बरं आठवलं. तुमचाच कशावरून?"

"मुठीला पट्टी हाय. निळ्या चौकडीची. ओमच्या बालवाडीच्या शर्टाची." दिशाकडे बघायचा धीर होईना, तरी ती तिच्याकडे बघूनच बोलली. "मी फाडली. उंदरांनी नाय."

दिशाच्या हातातला डबा कलंडला आणि वरण जमिनीवर सांडलं. "वर्ष, आई," ती म्हणाली. "वर्षभर मी त्या शर्टाला हात लावत होते." सरुबाई रडत होती, पण तिने मान खाली घातली नाही. शिव्या दे, मार, काय करायचं ते कर, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दिशाने शिवी दिली नाही. पदराने तोंड पुसून ती मॅडमकडे वळली. "शर्ट माझ्याकडे आहे. ती पट्टी फाडली तिथे जुळवून बघा. पट्टीबरोबर गेलेलं शेवटचं बटण लाल दोऱ्यानं शिवलंय, पांढरा दोरा संपला होता म्हणून. मीच लावलंय. मी कोर्टात सांगेन."

"घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "आजी, तुमच्या या साठ्याचं काय करायचं ते मी नंतर बघते. आधी पुरवणी जबाब."

दिशा सासूकडे न बघता निघून गेली. रंगनाथांनी कोरा कागद घेतला. "बाई, वस्तूचा मालक कोण, तेवढं पुन्हा सांगा. तुमच्याच शब्दांत लिहावं लागतं."

"माझा," सरुबाई म्हणाली. "लिहा, माझाच हाय."

मग ती भिंतीला टेकून बसली. गोटीरामने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. ज्ञानेश दारात येऊन घरी चल म्हणाला, ती उठली नाही. शर्ट देऊन दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं. दिशा स्वतः आली. शर्ट मॅडमच्या टेबलावर ठेवून ती सरुबाईच्या बाजूला, हातभर अंतर सोडून, भिंतीला टेकून बसली.